भीतीचा चुकलेला पत्ता

मेंदूत भीतीचं एक केंद्र असतं, ते बदामाच्या आकाराचं असतं आणि त्याला अमिग्डाला म्हणतात, एवढं ज्ञान आता सगळ्यांकडे असतं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या त्याला बिनदिक्कत ‘ग्रंथी’ म्हणतात. खरं तर तो कानशिलांच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना खोलवर असलेला मज्जापेशींचा पुंजका आहे. पण ते एक वेळ सोडून देऊ. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळेत हा अमिग्डाला माणसाच्या डोक्याचा ‘ताबा घेतो’. निवडणुकीचे निकाल लागले, की हरलेल्या बाजूचे विश्लेषक सांगतात, लोकांनी विचार करून मत दिलंच नाही, त्यांच्या अमिग्डालाने दिलं. जाहिरातवाले त्याला चुचकारतात, वृत्तवाहिन्या त्याच्या नावाने स्वतःला माफ करून टाकतात.

हा बदाम सगळ्यांना इतका सोयीचा का पडला, याबद्दल मला भांडायचं आहे. कारण ज्याच्या संशोधनातून हे चित्र मुख्यतः उभं राहिलं, तो शास्त्रज्ञच गेली कित्येक वर्षं ते पुसायचा प्रयत्न करतो आहे. त्याचं थोडं जरी पटलं, तरी भीतीविषयी बोलण्याच्या, भीती विकण्याच्या आणि भीतीवर औषध शोधण्याच्या आपल्या पद्धती जशाच्या तशा ठेवता येणार नाहीत.

न्यूयॉर्क विद्यापीठातले जोसेफ लेडू ओळखले जातात ते उंदरांवरच्या कामासाठी. पण त्यांची सुरुवात माणसांपासून झाली. सत्तरच्या दशकात ते मायकेल गझानिगा यांचे विद्यार्थी होते आणि ज्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत एकमेकांपासून तोडलेले होते अशा रुग्णांचा अभ्यास करत होते. त्यातला एक प्रयोग अनेकांनी ऐकलेला असेल. एका तरुण रुग्णाच्या उजव्या अर्धगोलाला बर्फाचं दृश्य दाखवलं आणि डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय. समोरच्या चित्रांतून त्याच्या उजव्या हाताने कोंबडी निवडली, उजव्या अर्धगोलाच्या हुकमतीतल्या डाव्या हाताने फावडं. फावडं का, असं विचारल्यावर बोलू शकणाऱ्या डाव्या अर्धगोलाला बर्फाचा पत्ताच नव्हता. पण तो अडखळला नाही. कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं, असं त्याने सांगून टाकलं.

लेडूंच्या पुढच्या सगळ्या कामाची मेख या प्रसंगात आहे असं मला वाटतं, आणि त्यांच्याविषयी लिहिताना नेमका हाच भाग गाळला जातो. शरीर एक करतं, ते का केलं हे जाणिवेला ठाऊक नसतं, आणि तरीही जाणीव त्याचा अर्थ लावून मोकळी होते. हे अर्थ लावणं शोभेचं नाही. माणूस पुढे जगतो ते त्या अर्थाच्याच आधाराने.

जाणिवेच्या आड चालणाऱ्या भावनिक नोंदी मेंदूत नेमक्या कोणत्या वाटेने होतात, हे माणसात शोधायची साधनं तेव्हा नव्हती. म्हणून लेडू उंदरांकडे वळले. पद्धत पावलोव यांच्या घराण्यातली: एक सूर वाजवायचा, त्यापाठोपाठ पायाखालच्या जाळीतून विजेचा सौम्य झटका द्यायचा. काही फेऱ्यांनंतर नुसता सूर वाजला तरी उंदीर जागच्या जागी थिजतो, त्याचा रक्तदाब चढतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, हे उंदीर फार लवकर शिकतो. प्रश्न असा, की कानात शिरलेला तो सूर मेंदूत कुठे जाऊन ‘धोका’ होतो?

१९८४ साली लेडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष चक्रावणारे होते. आवाजाचं बारकाईने विश्लेषण करणारा कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, भाग काढून टाकला तरी उंदीर त्या सुराला घाबरायला शिकत होते. मात्र त्याच्या अलीकडचं, ज्ञानेंद्रियांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या थॅलॅमसमधलं ठाणं निकामी केलं, की शिकणं बंद. म्हणजे कॉर्टेक्सला बगल देऊन जाणारी दुसरी वाट असणार. ती वाट अमिग्डालाच्या बाजूच्या भागात जाऊन पोचत होती. तिथून पुढे मधल्या भागामार्गे दोन फाटे फुटत: एक थिजण्याची आज्ञा देणाऱ्या मेंदूच्या मुळाशी, दुसरा रक्तदाब आणि संप्रेरकं हलवणाऱ्या हायपोथॅलॅमसकडे. उंदरात या आडवाटेने संदेश पोचायला साधारण १२ मिलिसेकंद लागतात, कॉर्टेक्सच्या राजरस्त्याने जवळपास दुप्पट. आडवाट घाईची आणि ढोबळ, राजरस्ता सावकाश आणि नेमका. रज्जुसर्पाचा जुना दृष्टान्त जणू मज्जापेशींत उतरला होता: दोरी आहे की साप, हे कळण्याआधी पाय मागे सरकलेला असतो.

१९९६ मध्ये लेडूंनी हे सगळं सामान्य वाचकांसाठी पुस्तकरूपाने मांडलं. त्याच्या एकच वर्ष आधी डॅनिएल गोलमन यांनी भावनिक बुद्धिमत्तेवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात याच संशोधनाच्या आधारे अमिग्डाला मेंदूचं अपहरण करतो अशी मांडणी केली होती. तेव्हापासून अमिग्डालाने मागे वळून पाहिलं नाही. स्वतः लेडूंनीही तेव्हा ‘भीतीची यंत्रणा’ असे शब्द सढळ हाताने वापरले होते. शरीराच्या आडच्या नोंदी आणि जाणवणारी भावना या वेगळ्या गोष्टी आहेत, असं ते तेव्हाही सांगत होते. पण घोषणा आणि तळटीप यांत लोक नेहमी घोषणाच ऐकतात.

मग तळटिपेचा पुरावा साठत गेला.

वैद्यकीय वाङ्मयात एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक स्त्री आहे. उर्बाख-वीथे नावाच्या अतिशय दुर्मीळ आनुवंशिक आजाराने तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला जवळपास पूर्ण नष्ट झालेले. १९९४ मध्ये राल्फ अडॉल्फ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की भेदरलेल्या चेहऱ्यावरची भीती तिला ओळखता येत नाही. २०११ मध्ये जस्टिन फाइनस्टाइन आणि इतरांनी तिला साप-कोळ्यांच्या दुकानात नेलं, भुताटकीच्या खेळासाठी सजवलेल्या जुन्या इस्पितळात नेलं, भयपट दाखवले. ती सापाला कुतूहलाने हात लावत होती. भीतीचं केंद्र सापडल्याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

पण या प्रकरणात दोन गोष्टी अशा आहेत, की त्या सांगितल्याशिवाय पहिल्या गोष्टी सांगूच नयेत. चेहऱ्याची गोष्ट २००५ मध्ये उलगडली. एस. एम. समोरच्याच्या डोळ्यांकडे आपणहून पाहतच नव्हती. डोळ्यांकडे पाहा, एवढंच सांगितलं की तिला भीती ओळखता येऊ लागली. सांगणं थांबलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे भीतीचं ज्ञान तिच्यापाशी होतं, हरवलं होतं ते कुठे पाहायचं याचं भान.

दुसरी गोष्ट २०१३ ची. फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी एस. एम. ला आणि तोच आजार असलेल्या जुळ्या बहिणींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास घ्यायला दिला. अशा श्वासाने शरीराला गुदमरल्याची सूचना मिळते. तिघींचीही गाळण उडाली. साप जिला हलवू शकला नाही, चाकू दाखवणारा माणूस जिला हलवू शकला नाही, ती एस. एम. एका श्वासाने हादरली. तुलनेसाठी घेतलेल्या १२ निरोगी माणसांपैकी तिघांनाच असा झटका आला. ज्यांच्याकडे अमिग्डाला नाही त्यांना भीती वाटली, आणि ज्यांच्याकडे तो शाबूत होता त्यांच्यातल्या बहुतेकांना त्या पातळीची वाटली नाही.

इतकं झाल्यावर अमिग्डालाला ‘भीतीचं केंद्र’ म्हणत राहायला एक तर आळस लागतो, नाहीतर हितसंबंध.

उलट बाजूचा पुरावाही आहे. १९९५ मध्ये आन्त्वान बेशारा आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळी इजा झालेल्या रुग्णांना रंगीत स्लाइड दाखवल्या आणि ठरावीक रंगानंतर जहाजाचा कर्कश भोंगा वाजवला. अमिग्डाला गेलेली व्यक्ती नंतर अचूक सांगायची, की या रंगानंतर भोंगा वाजतो. पण तिच्या हाताच्या त्वचेला घाम यायचा नाही. आठवणी घडवण्यात ज्याचा मोठा वाटा असतो त्या हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या व्यक्तीला घाम यायचा, पण कोणत्या रंगानंतर काय होतं हे सांगता यायचं नाही. एकीला ठाऊक होतं आणि अंगाला कळत नव्हतं. दुसऱ्याच्या अंगाला कळत होतं आणि त्याला ठाऊक नव्हतं. यातल्या कोणाला भीती ‘आहे’ म्हणायचं?

२०१२ आणि २०१४ मधल्या दोन लेखांत लेडूंनी याचं उत्तर स्पष्ट दिलं. अमिग्डालाभोवतीची यंत्रणा धोका हेरते आणि बचावाच्या हालचाली सुरू करते. तिला भीतीची यंत्रणा म्हणणं बंद करा. भीती ही ‘मी संकटात आहे’ अशी जाणीव आहे. ती कॉर्टेक्समध्ये जुळून येते: शरीरातली धडधड, समोरचं दृश्य, जुन्या आठवणी, धोक्याविषयीच्या कल्पना आणि स्वतःविषयीची समज यांतून. त्यात अमिग्डालाचा वाटा असतो. कधी मोठा, कधी नगण्य. हिशेबाची वही उघडल्यावर पोटात गोळा येतो, मरणानंतर काय या विचाराने झोप उडते, तेव्हा तिथे कोणताही साप नसतो.

हे सगळ्यांना पटलेलं नाही, आणि विरोधक हलके नाहीत. मायकेल फॅन्सेलो यांच्यासारखे, उंदरांच्या बचावावर आयुष्य घालवलेले शास्त्रज्ञ म्हणतात, की वागणं, शरीरातले बदल आणि जाणीव ही एकाच भीतीची अंगं आहेत. जाणिवेलाच तेवढं भीती म्हटलं तर शास्त्राच्या हातात मोजण्यासारखं काही उरणार नाही. याक पांक्सेप शेवटपर्यंत मानत राहिले, की मूळ भावना मेंदूच्या खोल, प्राचीन भागातच जाणवतात. लिसा फेल्डमन बॅरेट लेडूंच्याही पुढे जाऊन म्हणतात, की प्रत्येक भावना मेंदू त्या-त्या क्षणी, शिकलेल्या कल्पनांतून घडवतो. हा वाद मिटायचा आहे, आणि तो मी मिटवणार नाही. माझ्या मुद्द्याला लेडू सर्वस्वी बरोबर असण्याची गरजही नाही. अंगाची प्रतिक्रिया आणि माणसाला जाणवणारी भीती एकमेकींपासून सुटू शकतात, एवढं मान्य झालं तरी पुरे. आणि ते आता नाकारणं कठीण आहे.

ॲम्स्टरडॅममधल्या मेरेल किंट यांनी २००९ मध्ये माणसांत विजेच्या झटक्याशी जोडलेली भीती जागी करण्याच्या बेतात प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी दचकणं गेलं. पण आता झटका बसेल असं वाटतं का, याला त्यांचं उत्तर होतं, हो. या प्रयोगामागे लेडूंच्याच प्रयोगशाळेतलं २००० सालचं काम होतं: करीम नादर यांनी दाखवलं होतं, की आठवण जागी झाली की ती काही काळ पुन्हा कच्ची होते, आणि त्या अवधीत तिला धक्का लावता येतो. ‘भीती पुसणारी गोळी’ अशा मथळ्यांना तेव्हा ऊत आला. पुढे अशा प्रयोगांचे निष्कर्ष सगळ्या प्रयोगशाळांना तसेच मिळाले नाहीत. मथळेवाल्यांनी ते कळवलं नाही. मग २०१८ चा एक प्रयोग. ज्यांना साप, कोळी वगैरेंची भीती आहे अशांच्या मेंदूतल्या त्या प्राण्याच्या ठशाला त्यांच्या नकळत बक्षिसाशी जोडण्यात आलं. त्यानंतर तो प्राणी पाहून त्वचेवरचा घाम कमी झाला, अमिग्डालाची हालचाल कमी झाली. तुम्हाला किती भीती वाटते, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर मात्र फारसं बदललं नाही.

आता यातला सार्वजनिक भाग. पहिला औषधांचा.

चिंतेवरच्या औषधांची पहिली चाळणी कित्येक दशकं प्राण्यांच्या वागण्यावर चालत आली आहे. जमिनीपासून उंचावर अधिकच्या चिन्हासारखा एक सापळा असतो, त्याच्या दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. औषध दिल्यावर उंदीर उघड्या भुजेवर जास्त फिरला, तर औषधात काहीतरी आहे असं समजायचं. साठच्या दशकात आलेल्या लिब्रियम-व्हॅलियमच्या जातीची औषधं या कसोटीला छान उतरतात. किंबहुना त्यांच्याच मापाने या कसोट्या बेतल्या गेल्या, असंही म्हणता येईल. पण नवं काही शोधायला गेलं, की गाडी अडते. ताणाच्या संप्रेरकसाखळीला लगाम घालणाऱ्या औषधांचा एक पूर्ण वर्ग प्राण्यांत आशादायक दिसला आणि माणसांच्या चाचण्यांत गळून पडला. लेडू आणि डॅनिएल पाइन यांनी २०१६ मध्ये मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात जे म्हटलं ते याबद्दलच: तुम्ही उंदराचं बिचकणं कमी करणारी द्रव्यं शोधलीत, रुग्ण तक्रार करतो ती धास्तीची. गोळी घेऊन माणूस पार्टीला जाईल, पण तिथे उभा राहून आतून तितकाच घाबरलेला असेल. मग रुग्ण म्हणतो औषध लागू पडत नाही, आणि आकडे म्हणतात लागू पडतं.

इथे मी लेडूंच्या बाजूने आहे. रुग्णाचं म्हणणं व्यक्तिनिष्ठ म्हणून दुय्यम, त्वचेचा घाम वस्तुनिष्ठ म्हणून खरा, ही उतरंड शास्त्रीय दिसते पण तशी नाही. ज्या गोष्टीवर उपचार करायचा ती गोष्टच व्यक्तिनिष्ठ असेल, तर तिच्यापासून दूर जाणारं मोजमाप जास्त अचूक कसं ठरेल? माणूस खोटं बोलतो, विसरतो, डाव्या अर्धगोलासारखा फावड्याची गोष्ट रचतो, हे खरं. म्हणून नीट विचारायचं शास्त्र उभारावं, विचारणं सोडू नये.

जाता जाता उंदरांविषयी. लेडूंचा युक्तिवाद ऐकून काही जण हुश्श करतात: म्हणजे प्राण्यांना भीती वाटतच नाही तर! त्यांनी तसं म्हटलेलं नाही. प्राण्यांच्या वागण्यावरून त्यांची जाणीव सिद्ध करता येत नाही, एवढाच त्यांचा दावा आहे. जुलै २०१२ मध्ये केंब्रिजला जमलेल्या शास्त्रज्ञांनी मात्र जाहीरच केलं, की जाणिवेला लागणारा मज्जातंतूंचा पाया माणसापुरता मर्यादित नाही. मला दुसरीच गोष्ट खुपते. उंदराला भीती वाटत नसेल, तर इतकी वर्षं ज्याला भीतीचं संशोधन म्हटलं ते भीतीचं नव्हतं. वाटत असेल, तर त्या पिंजऱ्यांत जे घडलं त्याचा हिशेब नैतिक आहे. दोन्ही बाजूंनी सुटका एकदम मागता येणार नाही. संशयाचा फायदा द्यायचाच, तर तो ज्याला झटका बसतो त्याला द्यावा.

दुसरा भाग राजकारणाचा, आणि तिथे हा बदाम निव्वळ शिवी म्हणून वापरला जातो. २००८ मध्ये एका नामांकित नियतकालिकात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ४६ जणांवरचा अभ्यास आला: भीतिदायक चित्रांनी आणि अचानक आवाजांनी ज्यांचं शरीर जास्त दचकतं ते संरक्षण, शिक्षा, परंपरा अशा बाबतींत जास्त कडक मतांचे असतात. २०११ मध्ये लंडनमधल्या ९० तरुणांच्या मेंदूच्या प्रतिमांवरून सांगण्यात आलं, की पुराणमतवाद्यांचा उजवा अमिग्डाला मोठा असतो. मग काय, दर निवडणुकीला हे दोन दाखले बाहेर निघू लागले. २०२० मध्ये बर्ट बाकर आणि सहकाऱ्यांनी पहिला अभ्यास मोठ्या नमुन्यांवर पुन्हा करून पाहिला, तेव्हा दोन्ही विचारांच्या लोकांची शरीरं धोक्याला सारखीच प्रतिक्रिया देत होती. मेंदूच्या आकाराचा संबंध नंतर ९०० हून अधिक डच लोकांत तपासला गेला. तो उरला, पण तिळाएवढा. शिवाय अमिग्डाला नव्या गोष्टीला, अन्नाला, ओळखीच्या चेहऱ्याला, बक्षिसालाही प्रतिसाद देतो. तो उजळला म्हणजे माणूस घाबरला, हा निष्कर्ष धूर दिसला म्हणजे शत्रूचीच छावणी असणार अशा थाटाचा आहे.

पण समजा, हे अभ्यास पक्के निघाले असते. तरी काय सिद्ध झालं असतं? समोरच्याच्या भीतीला कारण आहे की नाही, याचा निवाडा त्यातून होत नाही. रोजगार जाईल अशी भीती खरी असू शकते. शेजारी घात करील ही भीती खोटी असू शकते. दोन्हींचा कस पुराव्याने लागतो. ‘तुमचा अमिग्डाला बोलतोय’ असं म्हणणारा माणूस हा कस लावण्याचे कष्ट टाळतो आणि वर शास्त्राचा शेला पांघरतो.

जुन्या चित्राची खरी सोय मला इथे दिसते. भीती ही कवटीतल्या एका गाठीची उसळी असेल, तर तिला कोणी जबाबदार नाही. घाबरणारा म्हणतो, माझा मेंदूच तसा. घाबरवणारा म्हणतो, लोकांचा मेंदूच तसा, मी फक्त त्यांना हवं ते देतो. तिसरा, शहाणा प्रेक्षक, दोघांकडे कीव करून बघतो. भीती ही आठवणी, माहिती, कल्पना आणि स्वतःविषयीची समज यांतून घडत असेल, तर त्यातली माहिती कोणी पुरवली, कल्पना कोणी पेरल्या, हे प्रश्न लगेच उभे राहतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो हे खरं, पण ब्रह्मराक्षसाचं वर्णन त्याला कोणीतरी ऐकवलेलं असतं.

कायद्याने हे कधीच मान्य केलं आहे. स्वसंरक्षणाचा दावा करणाऱ्याला बहुतेक देशांची न्यायालयं एवढंच विचारून थांबत नाहीत, की तू घाबरला होतास का. त्या परिस्थितीत तशी भीती वाटणं वाजवी होतं का, हेही पाहिलं जातं. ठोक्यांच्या वेगाला वाजवी किंवा गैरवाजवी म्हणता येत नाही. समजुतीला म्हणता येतं. उद्या एखाद्या वकिलाने अशिलाच्या मेंदूची रंगीत प्रतिमा पुढे करून ‘भीतीने ताबा घेतला’ असं सांगितलं, तर तो न्यायाधीशांना हा फरक विसरायला सांगत असेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कोळी निरुपद्रवी आहे हे पक्कं ठाऊक असणारा माणूसही कोळी पाहून खोलीबाहेर पळतो. अपघातातून वाचलेल्या बाईला ब्रेकचा आवाज ऐकून वर्षानुवर्षं दरदरून घाम फुटतो. समजूत घालून तिची भीती जात नाही. मग भीती समजुतीतून घडते, या म्हणण्याला काय अर्थ उरला?

अर्थ उरतो, पण सांभाळून बोलावं लागतं. जाणिवेत जे जुळून येतं त्यात शरीराचा आवाज असतो, आणि काही माणसांत तो इतका मोठा असतो, की बाकी काही ऐकू येत नाही. तिथे आडवाटेवरच काम करावं लागतं: घाबरवणाऱ्या गोष्टीला सुरक्षित परिस्थितीत पुनःपुन्हा, सावकाश सामोरं जाण्याची उपचारपद्धती भयगंडांवर आजही सर्वांत भरवशाच्या उपचारांपैकी आहे. त्यानेही जुनी नोंद पुसली जात नाही. तिच्यावर नवी, ‘आता धोका नाही’ अशी नोंद बसते आणि कपाळामागच्या कॉर्टेक्सचा भाग तिच्या जोरावर जुनीला दाबून धरतो. जागा बदलली, काळ लोटला, ताण आला, की जुनी पुन्हा डोकं वर काढते. काळ लोटल्यावर दबलेली प्रतिक्रिया परत येते, हे पावलोव यांनीच पाहिलं होतं. त्यामुळे लेडूंचं म्हणणं घेऊन कोणी रुग्णाला ‘तुझी भीती तूच घडवतोस, तर तूच मोड’ असं ऐकवू लागला, तर तो जुन्या बदामवाल्यांपेक्षा वाईट. घडणं आणि मुद्दाम घडवणं यांत अंतर आहे, आणि आजारी माणसाच्या बाबतीत ते फार मोठं आहे.

सार्वजनिक भीतीचं तसं नाही. ती बहुतांशी ऐकीव असते. ११ सप्टेंबर २००१ नंतर अनेक अमेरिकन लोकांनी विमान टाळून लांबचे प्रवास मोटारीने केले. गेर्ड गिगरेंझर यांच्या हिशेबानुसार पुढच्या १२ महिन्यांत त्यामुळे रस्त्यांवर सुमारे १,५०० जास्तीची माणसं मेली. यातल्या जवळजवळ कोणाच्याही आडवाटेवर विमानाची नोंद झालेली नव्हती. त्यांना विमानात कधी झटका बसला नव्हता. त्यांनी दृश्यं पाहिली होती, शेकडो वेळा, आणि त्यांचा अर्थ लावला होता. तो अर्थ लावायला मदत करणारे पडद्यावर आणि व्यासपीठावर होते. मोटारीचा धोका त्यांच्याशेजारी मांडणारे फारच थोडे.

मग चांगल्या कामासाठी भीती वापरावी का? काळवंडलेली फुप्फुसं पाकिटावर छापावीत का? हा प्रश्न १९५३ पासून तपासला जातो आहे. तेव्हा इरव्हिंग जॅनिस आणि सेमूर फेशबाख यांनी विद्यार्थ्यांना किडक्या दातांची कमी-अधिक भेसूर माहिती दिली, आणि सर्वांत भेसूर माहिती सर्वांत कमी उपयोगी पडली. पुढच्या बऱ्याच अभ्यासांचा निर्वाळा वेगळा आहे. २०१५ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात भीतीचे संदेश एकूण परिणामकारक दिसतात, आणि काय करायचं तेही सांगितलं तर जास्त. त्यामुळे सरसकट विरोध मी करणार नाही. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो येल विद्यापीठातला १९६५ चा प्रयोग. हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली, काहींना सौम्य, काहींना अंगावर काटा आणणारी. काटा आणणारी वाचलेले जास्त घाबरले आणि लस घ्यायला हवी असं जास्त ठामपणे म्हणाले. प्रत्यक्ष लस घेणाऱ्यांच्या आकड्यात मात्र भीतीच्या मात्रेने फरक पडला नाही. फरक पडला तो आरोग्य केंद्राचा नकाशा, तिथल्या वेळा आणि आपल्या दिवसात ते कधी बसवायचं याच्या सूचना दिल्यावर. सूचना नसलेल्या गटात सुमारे ३ टक्के गेले, सूचना असलेल्या गटात सुमारे २८ टक्के. नुसत्या सूचना, भीतीचा लवलेश नसताना, तितक्याच निरुपयोगी ठरल्या.

ते केंद्र कुठे आहे हे त्या विद्यार्थ्यांतल्या बहुतेकांना आधीच माहीत असणार. तरीही नकाशाने काम केलं, कारण त्याने धोक्याच्या गोष्टीत ‘मी’ काय करणार आहे ते पात्र आणलं. काटा आणणाऱ्या पत्रकाने फक्त काटा आणला. सरकारी खात्यांच्या, रुग्णालयांच्या, विमा कंपन्यांच्या आणि राजकीय पक्षांच्या भीतीच्या जाहिरातींना मी हीच चाळणी लावतो: हिने मला घाबरवल्यानंतर कुठे जायचं, काय करायचं, किती वाजता, हे सांगितलं का? सार्वजनिक पैशातून निघणाऱ्या जाहिरातींना तरी ही अट लेखी असावी, आणि मोहीम संपल्यावर किती लोकांनी ती पाहिली याऐवजी किती जण त्या पत्त्यावर पोचले हे छापलं जावं. राजकीय पक्षांवर अशी अट कोण घालणार, हे मला दिसत नाही. त्यांचा धंदा नकाशा न देण्यावरच चालतो.